मांजराला हसावं की हात जोडावेत?

आमच्या गावच्या वाचनालयात विज्ञान दिनाचं व्याख्यान होतं. २०२५ हे साल संयुक्त राष्ट्रांनी क्वांटम विज्ञानाचं, म्हणजे अणूच्या पातळीवरच्या जगाच्या शास्त्राचं, आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलेलं, त्यामुळे विषय शोधायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. बोलायला आलेली मुलगी पीएच.डी. करणारी, तिशीच्या आतली. तिने सुरुवातच चुटक्याने केली. कणाची जागा आणि वेग दोन्ही एकाच वेळी नेमके कळू शकत नाहीत, हे अनिश्चितता तत्त्व मांडणारे हायझेनबर्ग भरधाव गाडी हाकतायत, हवालदार शिट्टी मारून बाजूला घेतो. ‘‘साहेब, केवढ्या स्पीडने चालला होतात, कल्पना आहे का?’’ ‘‘स्पीडचं विचारू नका. पण मी नक्की कुठे आहे ते मिलिमीटरपर्यंत सांगतो.’’ मागच्या रांगांमधली कॉलेजची पोरं खिदळली, पुढच्या खुर्च्या गप्प. प्रश्नोत्तरांची वेळ आली तेव्हा पहिल्या रांगेतले एक निवृत्त प्राध्यापक उठले. ‘‘बाई, ज्या माणसाने विसाव्या शतकाचं भौतिकशास्त्र उलटंपालटं केलं, त्याला तुम्ही ट्रॅफिक हवालदाराच्या तावडीत दिलंत. विज्ञानाची अशी चेष्टा कशासाठी?’’ तिने बिचारीने सांभाळून घेतलं. ‘‘सर, विषय कडू आहे. पोरांच्या घशाखाली उतरावा म्हणून थोडी साखर.’’ मग वीस मिनिटं ‘चेष्टा’ विरुद्ध ‘साखर’ असा सामना रंगला आणि उरलेला वाचनालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर चालला.

मला दोन्ही पक्ष चुकलेले वाटतात, आणि गंमत म्हणजे दोघांची चूक एकच आहे. विनोद ही भौतिकशास्त्राच्या बाहेरची वस्तू, असं दोघंही धरून चालतात. एकाला ती वरून बसलेली धूळ वाटते, दुसऱ्याला वरून भुरभुरलेली पिठीसाखर. माझं म्हणणं असं की क्वांटमवरचा चांगला विनोद हा शास्त्राच्या आतलाच ऐवज आहे. ज्यांनी हा सिद्धांत उभा केला त्यांनी विनोद फळ्यासारखा वापरला: कल्पना मांडायची, ताणायची, कुठे तुटते ते बघायचं. आणि लोकांच्या मनात क्वांटमविषयी जो घोळ आहे, त्याचा बराचसा दोष हसणाऱ्यांकडे जात नाही. तो जातो विनोद गंभीर चेहऱ्याने ऐकणाऱ्यांकडे.

मांजराचंच घ्या. क्वांटमचं मूळ समीकरण लिहिणाऱ्या श्रोडिंगरने १९३५ साली एका जर्मन विज्ञान-साप्ताहिकात क्वांटम यामिकीच्या सद्यस्थितीवर लांबलचक लेख लिहिला. त्यात मांजराच्या वाट्याला आलाय जेमतेम एक परिच्छेद. पोलादी पेटी, आत मांजर आणि किरणोत्सारी पदार्थाचा अगदी बारीकसा अंश. इतका बारीक की तासाभरात त्यातला एखादा अणू फुटेल किंवा एकही फुटणार नाही, शक्यता सारखीच. फुटला तर गायगर काउंटर (किरणोत्सार टिपणारं यंत्र) चालू होणार, त्याने हातोडी सुटणार, विषारी आम्लाची कुपी फुटणार, मांजर संपणार. आता समीकरण जसंच्या तसं वाचलं तर तासाभराने पेटीत जिवंत मांजर आणि मेलेलं मांजर एकमेकांत कालवलेलं असायला हवं. हे सगळं सांगण्याआधी श्रोडिंगरने एक विशेषण वापरलंय, ‘बर्लेस्क’. म्हणजे सोंग, प्रहसन. अगदी प्रहसनात शोभतील अशीही उदाहरणं रचता येतात, असं म्हणून तो पेटीचं झाकण उघडतो. ‘तुमचं म्हणणं शेवटपर्यंत नेलं तर ते कुठे जाऊन आदळतं ते बघा,’ एवढाच त्याचा मुद्दा होता.

आज त्या मांजराचं काय झालंय? टी-शर्टवर आहे, मॅनेजमेंटच्या ट्रेनरच्या स्लाइडवर आहे, आणि परवा एका प्रवचनातही भेटलं. ‘बघा, विज्ञानसुद्धा सांगतं, आपण पाहतो म्हणून जग घडतं!’ नवसाची टिंगल करायला कुणी रस्त्यातल्या दगडाला शेंदूर फासावा आणि वर्षभराने बघतो तर त्याच दगडापुढे नारळांची रांग लागलेली, तसलाच हा प्रकार. यात चूक शेंदूर फासणाऱ्याची की रांग लावणाऱ्यांची? प्राध्यापक म्हणतात त्या ‘विज्ञानाच्या प्रतिष्ठे’ला श्रोडिंगरच्या थट्टेने धक्का लागलेला नाही. त्याची थट्टा हा सिद्धांतावरचा सगळ्यात नेमका आक्षेप होता. अणूचे नियम कुठे संपतात आणि मांजराचे कुठे सुरू होतात, या प्रश्नावर आजही माणसं आयुष्यं घालवतायत.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण त्यात नुसतं अंकगणित आहे. क्वांटम जगात एक संख्या सगळ्यांना छळत आली आहे, १३७. प्रकाश आणि विद्युतभार यांचं नातं किती घट्ट, हे सांगणारा एक स्थिरांक आहे आणि त्याचा व्यस्त जवळजवळ १३७ येतो. का, ते कुणाला ठाऊक नाही. (क्वांटमच्या शिल्पकारांपैकी एक असलेला पाउली झुरिकच्या ज्या रुग्णालयात १९५८ साली वारला, तिथे त्याच्या खोलीचा नंबर १३७ होता, हे बघून तो स्वतः हबकला होता म्हणतात.) थोर खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन या संख्येच्या नादी लागला. आधी शुद्ध तर्काने ती १३६ असल्याचं त्याने दाखवलं, प्रयोग १३७ कडे झुकले तेव्हा आणखी एक मिळवायचं कारणही त्याला सापडलं. या असल्या आकडेमोडीला वैतागून केंब्रिजमधल्या तीन तरुणांनी, बेक, बेथ आणि रीत्स्लर यांनी, जानेवारी १९३१ मध्ये त्याच जर्मन साप्ताहिकात एक छोटं टिपण छापून आणलं. १३७ ला दोनाने गुणा, एक वजा करा: २७३. निरपेक्ष शून्य, म्हणजे ज्याखाली जाताच येत नाही ते तापमान, उणे २७३ अंश सेल्सिअस. बघा, निघालं की नाही सिद्धांतातून! भाषा इतकी चोख की संपादकाला काहीच खटकलं नाही. पण सेल्सिअसचा शून्य म्हणजे पाणी गोठण्याचा बिंदू, माणसाने सोयीसाठी ठरवलेला. फॅरनहाइटमध्ये मोजलं तर हाच आकडा उणे ४५९ येतो, मग १३७ चा चमत्कार गेला कुठे? दोन महिन्यांत साप्ताहिकाला खुलासा छापावा लागला की हे टिपण गांभीर्याने घेण्यासाठी नव्हतं, तसल्या लेखांचा नमुना दाखवण्यासाठी होतं. आता मला सांगा, हेच तीन तरुण एडिंग्टनच्या पद्धतीवर वीस पानांचा सज्जन प्रतिवाद लिहिते, तर तो कुणी वाचला असता? पासष्ट वर्षांनी, १९९६ मध्ये, ॲलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने एका समाजचिंतनाच्या नियतकालिकात क्वांटम गुरुत्वाकर्षणाच्या नावाखाली भारदस्त भाषेत मुद्दाम लिहिलेला मूर्खपणा छापून आणला, तेव्हाही संपादकांना हसू आलं नव्हतं.

विनोद हे या लोकांचं हुक्की आली म्हणून केलेलं फावल्या वेळचं काम नव्हतं, हे कोपनहेगनला जास्त स्पष्ट दिसतं. डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरच्या संस्थेत दर वसंतात जगभरचे भौतिकशास्त्रज्ञ जमत आणि शेवटी आपल्या स्नेहसंमेलनात होतं तसं एखादं नाटुकलं होई. १९३२ साल जर्मन कवी गटेच्या मृत्यूच्या शताब्दीचं, म्हणून तरुणांनी त्याच्या ‘फाउस्ट’ या, सैतानाशी करार करणाऱ्या पंडिताच्या नाटकाचंच विडंबन केलं; लिखाण मुख्यतः माक्स डेलब्रुकचं. परमेश्वर म्हणजे बोर. सैतान म्हणजे पाउली. फाउस्ट म्हणजे लायडनचा भौतिकशास्त्रज्ञ एरेनफेस्ट. आणि ज्या ग्रेटशेनच्या मोहात फाउस्टला पाडायचं ती कोण? पाउलीने १९३० साली एका पत्रात सुचवलेला, विद्युतभार नसलेला, कुणी कधी न पाहिलेला कण, ज्याला पुढे न्यूट्रिनो म्हणू लागले. बोरला समोरच्याचं म्हणणं फाडून काढण्याआधी ‘मी टीका करत नाही हं, फक्त समजून घेतोय’ म्हणायची सवय. ती नाटकातल्या परमेश्वराच्या तोंडी जशीच्या तशी. नाटक हसवतं, पण त्यातला प्रश्न खरा आहे: ऊर्जेच्या हिशेबात तूट येते म्हणून न दिसणारा कण गृहीत धरायचा, हा शहाणपणा की सैतानाची भूल? त्या प्रश्नाचं उत्तर प्रयोगाने मिळायला १९५६ उजाडलं.

आपल्याला ही रीत परकी वाटायचं काही कारण नाही. भारुडात बाई विंचू चावला म्हणून थयथयाट करते, लोक पोट धरून हसतात, आणि तिचा विंचू काम-क्रोधाचा आहे हे हसता हसता कळतं. तिथे विंचू ही अध्यात्मावर भुरभुरलेली साखर नसते. विंचू काढून टाका आणि बघा भारुडात काय उरतं ते.

आता प्राध्यापकांच्या बाजूने जे खरं आहे ते मान्य केलंच पाहिजे, आणि ते थोडंथोडकं नाही. पहिलं म्हणजे हवालदाराचा विनोद भौतिकशास्त्र म्हणून सपशेल चूक आहे. हजार किलोची गाडी घ्या, तिची जागा मिलिमीटर सोडा, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत पक्की करा. अनिश्चितता तत्त्वाप्रमाणे वेगात किमान किती शंका उरते? दशांश चिन्हानंतर एकतीस शून्यं आणि मग पाच, इतके मीटर दर सेकंदाला. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. ही गाडी पहिल्या क्षणापासून त्या वेगाने निघाली असती तर आजवर एखाद्या जड अणूच्या केंद्रकाच्या रुंदीएवढी सरकली असती. हवालदाराचा काटा अगदी बरोबर आहे, पावती फाडायला हरकत नाही. पण हा हिशेब मी केला कशामुळे? विनोद ऐकून ‘अरे, पण असं तर होत नाही’ असं वाटलं म्हणूनच ना? नियम तर गाडीलाही लागू आहे, मग गाडीत दिसत का नाही, हा प्रश्न अनिश्चितता तत्त्वाची व्याख्या पाठ करून कुणाला पडल्याचं मी पाहिलेलं नाही. व्याख्यानातल्या मुलीची चूक विनोद सांगण्यात नव्हती, तो सांगून पुढे निघून जाण्यात होती. साखर समजून वाटला की असंच होतं.

शिवाय खुद्द हायझेनबर्गच्या आयुष्यात त्या चुटक्याहून सरस विनोद आहे. १९२३ साली म्युनिकला डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत विल्हेल्म वीनने त्याला सूक्ष्मदर्शकाच्या विभेदनक्षमतेबद्दल, म्हणजे अगदी जवळचे दोन ठिपके वेगळे दाखवण्याच्या क्षमतेबद्दल, विचारलं. सांगता आलं नाही. पदवी कशीबशी, काठावरच्या श्रेणीत. चार वर्षांनी त्याने अनिश्चितता तत्त्व मांडलं आणि ते समजावायला उदाहरण निवडलं ते गॅमा किरणांच्या सूक्ष्मदर्शकाचं. त्यात चूक कुठे झाली? विभेदनक्षमतेत! बोरने ती दाखवली आणि हायझेनबर्गला लेखाला ताजा कलम जोडावा लागला. हे ऐकून मूर्ती भंगते असं कुणाला वाटत असेल तर वाटो. दहावीत प्रकाशाच्या धड्यावर गटांगळ्या खाणाऱ्या पोराला मी हीच गोष्ट सांगतो.

त्या हवालदाराच्या चुटक्याला पुढे शेपूट आहे. हवालदार डिकी उघडतो, ‘‘इथे मेलेलं मांजर आहे!’’ मागच्या सीटवरून श्रोडिंगर: ‘‘झालं, आता मेलं.’’ तिसरा ओहम, विजेच्या रोधाचा नियम सांगणारा; तो अटकेला रोध करतो. शेवटचा भाग नुसती कोटी. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना उलट जास्त भिडते. मधल्या भागाशी मात्र माझं भांडण आहे. बघितल्याने मांजर मरतं, ही नेमकी तीच समजूत जिचं श्रोडिंगरला हसं करायचं होतं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: हसण्याने माणसं दुखावतात आणि कल्पना मरतात. १९२५ च्या सुरुवातीला राल्फ क्रोनिग नावाच्या विशीतल्या तरुणाने पाउलीला सांगितलं की इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरतो असं मानलं तर वर्णपटातली बरीच कोडी सुटतात. पाउलीची जीभ प्रसिद्ध. कल्पना हुशारीची आहे, पण वास्तवाशी तिचा संबंध नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून त्याने ती उडवून लावली. क्रोनिगने ती छापलीच नाही. त्याच वर्षी उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोघा तरुणांना तेच सुचलं. ते एरेनफेस्टचे विद्यार्थी. त्याने टिपण लिहायला लावलं. पुढे लोरेन्ट्झ या ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञाने एक अडचण दाखवल्यावर दोघं घाबरून टिपण परत मागायला गेले, तर एरेनफेस्ट म्हणाला, ते मी केव्हाच पाठवलं; तुम्ही दोघं अजून तरुण आहात, एखादा मूर्खपणा तुम्हाला परवडेल. इलेक्ट्रॉनच्या या फिरण्याचं, म्हणजे ‘स्पिन’चं, श्रेय त्या दोघांच्या नावावर आहे.

हे उदाहरण विनोदाविरुद्ध पुरावा म्हणून नेहमी अर्धंच दिलं जातं. पूर्ण घेतलं तर त्यात दोन थट्टा आहेत. एकीने दार लावलं, दुसरीने उघडलं. पाउलीच्या वाक्यात ‘मला कळतं, तुला नाही’ आहे; एरेनफेस्टच्या वाक्यात ‘आपण दोघंही चुकू शकतो, बघू या’ आहे. वर्गात मास्तर पोराला हसतो आणि वर्ग मास्तरसकट गणिताला हसतो, यातला फरक ज्याला कळतो त्याला हे वेगळं सांगायला नको. तरीही एक सल राहतोच. १९३२ च्या नाटकात निराश फाउस्ट म्हणून उभा केलेला एरेनफेस्ट आतून खरोखरच खचत चालला होता. सप्टेंबर १९३३ मध्ये त्याने आत्महत्या केली. हसणाऱ्या खोलीला ते कळलं नव्हतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकवरच्या किश्शांबद्दलही मी आता थोडा जपून असतो. तो इतका अबोल की केंब्रिजमधल्या मित्रांनी बोलण्याचं एककच काढलं: एक ‘डिरॅक’ म्हणजे तासाला एक शब्द. ऐकायला मजा येते. पण घरी जेवताना वडिलांशी फक्त फ्रेंचमध्येच बोलायची सक्ती होती आणि मनातलं फ्रेंचमध्ये सांगता येईना म्हणून आपण गप्प राहायला शिकलो, असं त्याने स्वतःच पुढे सांगितलेलं एकदा वाचलं, की हसू अर्ध्यावर अडकतं. त्याचा दुसरा किस्सा मात्र मी बिनदिक्कत सांगतो. व्याख्यानानंतर कुणीतरी म्हणालं, ‘‘फळ्यावरचं ते समीकरण मला समजलं नाही.’’ डिरॅक गप्प. बराच वेळ गप्प. सूत्रधाराने आठवण केली तेव्हा म्हणाला, ‘‘तो प्रश्न नव्हता, विधान होतं.’’ आपल्याकडच्या कुठल्याही व्याख्यानानंतर दहा-दहा मिनिटं ‘प्रश्न’ विचारणारी माणसं पाहिलेल्यांना हा किस्सा किती लागू पडतो ते सांगायला नको.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ फाइनमनचं प्रकरण थोडक्यात आटपतो. बोंगो नावाचे ढोल बडवणं, तिजोऱ्या फोडणं, टवाळक्या: तिथे विनोद शास्त्राचा राहत नाही, शास्त्रज्ञाच्या आरतीचा होतो. बायकांविषयीचे त्याचे किस्से आज वाचवत नाहीत. आणि ‘गप्प बसा आणि गणित करा’ हे लोक त्याच्या नावावर खपवतात ते वाक्य त्याचं नव्हेच; ते १९८९ साली डेव्हिड मर्मिन या भौतिकशास्त्रज्ञाने लिहिलं होतं, तेही ती वृत्ती आपल्याला पटत नाही हे सांगताना.

पण प्राध्यापकांना माझा खरा प्रश्न वेगळाच आहे. क्वांटम या शब्दाची सगळ्यात मोठी विटंबना मी पाहिली, तिथे कुणीही हसत नव्हतं. आमच्या नात्यातल्या एका सोसायटीत मोफत आरोग्य शिबिर होतं. टेबलावर लॅपटॉप, त्याला जोडलेलं एक डबडं, त्यातून निघालेली स्टीलची दांडी. दांडी मिनिटभर मुठीत धरायची, की ‘क्वांटम अ‍ॅनालायझर’ शरीरातल्या लहरी वाचून पस्तीसेक पानांचा रिपोर्ट काढणार. पांढऱ्या कोटातला मुलगा अत्यंत गंभीर. रांगेतल्या बायका त्याहून गंभीर. मावशीचं यकृत, हाडं, अगदी कोलॅजेनसुद्धा ‘किंचित कमजोर’ निघालं आणि चार डब्या पावडरी गळ्यात पडल्या. माझ्या भाच्याने काय केलं, ‘मावशीची परत एकदा करा’ म्हणून तिचंच नाव-वय टाकायला लावलं आणि ऐन वेळी दांडी स्वतःच्या मुठीत घेतली. रिपोर्ट आला. पंचवीस वर्षांच्या, जिमला जाणाऱ्या पोराच्या गर्भाशयाला थोडी काळजी घेण्याची गरज होती. पानाचं मोठ्याने वाचन झालं, जिन्यापर्यंत हशा पोचला आणि अर्ध्या तासात डबडं गुंडाळलं गेलं. रासायनिक पृथक्करण, ग्राहक मंच, लेखी तक्रार, यातलं काही लागलं नाही.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये आठ वर्षांसाठी ६००३ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं आहे. खरं काम चालू आहे, पुण्यातही चालू आहे. जसजसा हा शब्द पेपरात येत जाईल तसतशा पावडरी, बांगड्या आणि ध्यानवर्गही येत जातील, सगळे गंभीर चेहऱ्याचे. खरं आणि सोंग यातला फरक सामान्य माणसाने ओळखायचा कसा? समीकरणं तर तो सोडवणार नाही. पण ज्याने उणे २७३ चा विनोद एकदा समजून घेतलाय, तो पुढच्या वेळी कुणी आकडे जुळवून चमत्कार दाखवू लागला की विचारेल, ‘‘फॅरनहाइटमध्ये किती येतात?’’

व्याख्यान संपल्यावर आम्ही सहा जण एका गाडीत कोंबून बसलो होतो. ती मुलगी, प्राध्यापक, मी आणि कार्यकारिणीतले तिघं. सर मधोमध चेपलेले. तशा अवस्थेत त्यांना सत्येंद्रनाथ बोस आठवले. १९५४-५५ च्या हिवाळ्यात डिरॅक पत्नीसह भारतात आले होते, मुंबईत टाटा संस्थेत त्यांनी व्याख्यानं दिली, मग कोलकात्याला गेले. तिथे पाहुण्यांना गाडीत मागे बसवून बोस पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि आणखी काही विद्यार्थ्यांनाही आत बोलावू लागले. डिरॅकने विचारलं, गर्दी नाही का होणार? बोस मागे वळून म्हणाले, ‘‘आमचा बोस सांख्यिकीवर विश्वास आहे.’’ डिरॅकने बायकोला समजावलं की बोस सांख्यिकीत कणांना एकाच जागी दाटी करायला आवडतं. सरांनी हे सगळं अतिशय आदराने, एकेक शब्द तोलून सांगितलं. ती मुलगी फसकन हसली, मग मीही.

‘‘यात हसण्यासारखं काय आहे?’’ सर म्हणाले. ‘‘हा काही विनोद नाही. घडलेली गोष्ट आहे.’’